अकरा हजारांची तिकिटं आणि तीन लाखांचा रस्ता

गेल्या आठवड्यात ऑफिसात डबा खाताना एका मैत्रिणीनं मोबाइल पुढं केला आणि म्हणाली, बघ गं, सिंगापूर पाच दिवस, माणशी पंच्याऐंशी हजार, चौघांचं हप्त्यावर पण करून देतो म्हणतोय एजंट, जाऊ का? तिची मुलगी चार वर्षांची, मुलगा सात. मी तेव्हा तिला धड उत्तर दिलं नाही, डब्यावर बसून दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतंच, पण घरी आल्यावर कपाटातनं माझ्या दोन्ही वह्या काढल्या आणि म्हटलं सगळं लिहूनच काढूया, तिलाही उपयोग होईल आणि दिवाळी तोंडावर आलीय, अजून कुणी या विचारात असेल तर त्यालाही होईल.

वह्या म्हणजे खर्चाच्या. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत अकाउंट्स बघते, त्यामुळं ट्रीपला गेलं तरी रोज रात्री झोपायच्या आधी दिवसाचा खर्च लिहायची सवय आहे, अगदी पाण्याच्या बाटलीपासून. एक वही डिसेंबर २०२३ ची, खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कच्या ट्रीपची. दुसरी मे २०२५ ची, सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कच्या ट्रीपची. पहिल्या वहीतली शेवटची बेरीज ३१,००० रुपये, माणसं सात. दुसरीतली २,९९,७००, माणसं चार. दोन्ही ट्रीप आमच्याच, दोन्हीकडं आम्ही मनापासून गेलो आणि दोन्हीकडनं मुलं खुशीत परत आली, म्हणून मला दोन्हीबद्दल बोलता येईल असं वाटतंय.

आधी थोडं मागचं सांगते. मी लहान असताना पाळणा म्हटलं की जत्रा. जोतिबाची चैत्र यात्रा, नाहीतर मेरी वेदर ग्राउंडवर प्रदर्शन लागायचं तेव्हाचा आकाशपाळणा. मोठ्या पार्कात मी पहिल्यांदा गेले ती सातवीत, १९९९ ला, शाळेच्या सहलीतनं, लाल एसटीनं रात्रभर प्रवास करून गोराईच्या एस्सेलवर्ल्डला. ते पार्क १९८९ ला सुरू झालेलं आणि शेजारचं वॉटर किंगडम १९९८ ला, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा ते नवंकोरं होतं. बोटीत बसून खाडी ओलांडून जायचं, ती बोटच आम्हाला पहिली राइड वाटलेली. बाबांनी सहलीचे साडेचारशे रुपये दिले होते, तेव्हा आमच्या घरात साडेचारशे म्हणजे पंधरा दिवसांचा किराणा. मी परत येऊन आठ दिवस तेच सांगत होते आणि बाबा दरवेळी नव्यानं ऐकल्यासारखं ऐकायचे. स्वतः ते कधीच गेले नाहीत. २०२२ ला एस्सेलवर्ल्ड बंद झालं ती बातमी वाचली तेव्हा मला सगळ्यात आधी त्यांचा चेहरा आठवला. मुलांना कुठं न्यायचं ठरलं की त्या दिवसापासनं माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो, की बरोबर कोण कोण येऊ शकेल.

इमॅजिकाला आम्ही सातजण गेलो. आम्ही चौघं, सासू-सासरे आणि नणंदेचा मुलगा. आमची जुनी एर्टिगा, पहाटे चारला निघालो, तावडे हॉटेलपासनं हायवेला लागलो तेव्हा मुलं परत झोपलेली. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे चार टोल आणि मग एक्सप्रेसवेचा वेगळा. आपल्याला बोलायला ठीक आहे की जवळचं पार्क, पण कोल्हापूरकरांना जवळ असं काही नाहीच ओ. पुण्या-मुंबईच्या माणसाला इमॅजिका म्हणजे सकाळी जाऊन रात्री घरी. आपल्याला एका बाजूचे तीनशे किलोमीटर, त्यात साताऱ्यापासनं कागलपर्यंत सहापदरीचं काम चाललेलं, वळवलेले रस्ते, धूळ. एका दिवसात जाऊन येतो म्हणणाऱ्यानं लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन एकदा करून बघावं. एक रात्र कुठंतरी राहावंच लागतं, आम्ही लोणावळ्यात दोन खोल्या घेतल्या, सात हजार गेले.

बाकी हिशोब असा की पेट्रोल आणि टोल मिळून ६,५००, तिकिटं ऑनलाइन ऑफर लावून सात जणांची १०,८००, खाणंपिणं ५,२००, आणि लॉकर, फोटो, खेळणी असलं किरकोळ दीड हजार. खाण्यात जास्त गेले नाहीत कारण आईंनी म्हणजे सासूबाईंनी भाकरी, पिठलं, ठेचा, दशम्या असं बांधून घेतलं होतं, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही बहुतेक सगळ्याच पार्कांत, म्हणून आम्ही गेटच्या अलीकडंच गाडीत बसून पोटभर खाल्लं आणि मग आत गेलो. त्या १०,८०० मध्ये १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे साडेसोळाशे रुपये नुसता टॅक्स. जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा थीम पार्कला २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आणला. माझ्या मते १८ पण जास्तच आहे, मध्यमवर्गीय घराची वर्षातली एक सहल ती, त्यात काय चैन आहे.

आत गेल्यावरचं मात्र सगळं वसूल झालं. भाचा तेव्हा बारा वर्षांचा, तो आणि हे सरळ नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरकडं गेले, आमच्या मोठ्या मुलाला उंचीमुळं त्यात बसता येत नव्हतं म्हणून त्याला घेऊन मी राजासॉरसच्या पाण्याच्या राइडमध्ये बसले आणि आम्ही दोघं भिजून चिंब. राजासॉरस हा खराखुरा भारतातला डायनासोर आहे हे मला माहीत नव्हतं, मोठ्यानं सांगितलं, गुजरातमध्ये त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याला हे नाव दिलं. त्याला इतका आनंद झालेला की आपल्या देशातला डायनासोर इथं आहे म्हणून, तो दोन दिवस तेच बोलत होता. धाकटी तेव्हा साडेतीन वर्षांची, तिचं सगळं हत्तींच्या त्या उडणाऱ्या पाळण्यात आणि कॅरोसेलवरच चाललेलं, तिला अजून काही नकोच होतं, एकाच पाळण्यात पाच वेळा बसली.

आणि मामंजी. आमचे सासरे एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं सर्व्हिस. ते आधी म्हणत होते मी बाहेर झाडाखाली बसतो, तुम्ही जावा. आय फॉर इंडिया म्हणून एक शो आहे तिथं, खुर्च्यांवर बसवतात आणि समोर मोठा पडदा, जणू आपण हेलिकॉप्टरमधनं सगळा देश बघतोय, डोंगर, नद्या, समुद्र. त्यांना आग्रह करून बसवलं. बाहेर आल्यावर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "जन्मभर रस्त्यावरनं बघितलं, आज वरनं बघितलं." आई आधी म्हणत होत्या, "मी काय बसत न्हाई बाई असल्यात," त्या दुसऱ्यांदा जाऊन बसल्या, मामंजींना घेऊन. ३१,००० रुपयांत मला जे मिळालं त्यातलं सगळ्यात मोठं हे.

आता सिंगापूर. त्यासाठी मी दोन वर्षं लागोपाठ भिशी लावली होती, बारा जणींची, महिना दहा हजारांची, दोनदा मिळून २ लाख ४० हजार आले आणि उरलेले यांच्या दुकानातनं घातले. कर्ज नाही, हप्ता नाही, हे आमचं पक्कं ठरलेलं होतं. पासपोर्टपासनं सुरुवात, मोठ्यांचे दीड-दीड हजार आणि मुलांचे हजार-हजार असे पाच हजार फी, लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो हेही लक्षात ठेवा, म्हणजे धाकटीला परत कुठं न्यायचं म्हटलं की परत काढायचा. व्हिसाची सिंगापूरची फी ३० डॉलर, अर्ज मात्र अधिकृत एजंटकडनंच करावा लागतो, त्याचे पैसे धरून चौघांचे ११,२००. विमान मुंबईहून, चौघांचं १ लाख १४ हजार. मूल दोन वर्षांचं झालं की विमानात जवळजवळ मोठ्याइतकंच भाडं लागतं, त्यामुळं पाच वर्षांच्या मुलीचे सुद्धा अठ्ठावीस हजारांच्या वर गेले, आणि ती अर्धा वेळ माझ्या मांडीवरच झोपली होती.

कोल्हापूर ते मुंबई एअरपोर्ट आणि परत, सामानासकट, १३,०००. हा आकडा कुठल्याच पॅकेजमध्ये नसतो, ते सगळे 'मुंबईपासून' असं बारीक अक्षरात लिहितात. हॉटेल पाच रात्री ५७,५००, लिटिल इंडियात, खोली आमच्या हॉलपेक्षा लहान. खाणं ३०,०००. बाकीची ठिकाणं, प्राणीसंग्रहालय आणि गार्डन्स बाय द बे वगैरे, २२,०००. मेट्रो आणि टॅक्सी ७,५००. इन्शुरन्स अडीच हजार. खरेदी १८,०००, नातेवाइकांना काहीतरी आणावंच लागतं ना. आणि ज्यासाठी मुख्य गेलो त्या युनिव्हर्सलची चार तिकिटं? १९,०००.

हाच आकडा मी वहीत लाल पेनानं गोल केलाय. तीन लाखांत १९ हजार. म्हणजे शंभर रुपयांतले सहा-साडेसहा रुपये पार्कचे आणि बाकी सगळे तिथं पोचायचे, राहायचे, खायचे. इमॅजिकाच्या वहीत हेच प्रमाण शंभरातले पस्तीस. अजून एक गणित केलं. इमॅजिकाचं तिकीट माणशी साधारण १,५४०, युनिव्हर्सलचं ४,७५०, म्हणजे तिप्पट, ठीक आहे, समजू शकते, त्या दर्जाचं आहे ते. पण पूर्ण ट्रीप माणशी बघा, इकडं ४,४३०, तिकडं ७४,९२५. सतरापट. इमॅजिकाची अख्खी ट्रीप, पेट्रोल-टोल-हॉटेल-जेवण धरून, माणशी ४,४३० आणि युनिव्हर्सलचं नुसतं गेटचं तिकीट माणशी ४,७५०. हे मी यांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले परत एकदा बेरीज कर. परत केली, तेवढीच आली.

आणि एक खर्च वहीत नाहीच. यांचं राजारामपुरीत इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, मे म्हणजे पंखे-कूलरचा सीझन, वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत होते, आणि मुलांच्या शाळेला सुट्टी पण तेव्हाच. सात दिवस दुकान बंद. हे म्हणतात पंचवीसेक हजारांचा धंदा गेला. नोकरदार माणसाला हे लागू नसेल पण कोल्हापुरात निम्मी घरं दुकानावर, शेतीवर, वर्कशॉपवर चालतात, त्यांनी हा आकडा धरल्याशिवाय कुठलंही पॅकेज तपासू नये.

आता माझ्याकडनं जे राहिलं ते सांगते, कारण मैत्रिणीची मुलगी चार वर्षांची आहे. उंची. मी विमान, हॉटेल, व्हिसा सगळं तीन-तीनदा तपासलं आणि मुलीची उंची मोजायची राहिली. तेव्हा ती १०४ सेंटिमीटर. युनिव्हर्सलमध्ये ट्रान्सफॉर्मर्सच्या राइडला किमान १०२ लागते, तिथं ती बसली आणि खूप खूश झाली. पण ज्युरासिक पार्कच्या पाण्याच्या राइडला १०७, इजिप्तच्या 'ममी'वरच्या राइडला १२२, आणि ती दोन मोठी समोरासमोरची रोलर कोस्टर आहेत त्यांना १२५. नियम बरोबरच आहे, मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तिथला मुलगा तिच्या उंचीला उतरून इतकं समजावून सांगत होता की मला त्याचं कौतुक वाटलं. पण तीन सेंटिमीटर कमी पडल्यावर तिचा जो चेहरा झाला तो मला अजून दिसतो. दादा आत जातोय आणि ती बाहेर. तिथं एक सोय आहे, एक पालक मुलाजवळ थांबतो आणि मग दुसऱ्यानं परत रांग न लावता जायचं, ते आम्ही केलं, पण त्यात आम्हा दोघांना दिवसभर एकत्र असं फारसं काही बघताच आलं नाही. मिनियन लँड फेब्रुवारी २०२५ ला, तेव्हा नवीनच सुरू झालं होतं, तिथं मात्र तिनं भरपूर वेळ घालवला. त्यात दुपारी पाऊस. सिंगापूर विषुववृत्ताजवळ, दुपारी ढग यायचे आणि वीज चमकायला लागली की बाहेरच्या राइड थांबवतात, दीड तास गेला. तिकीट एकाच दिवसाचं होतं आणि दिवस एकच होता. खोपोलीला पाऊस आला असता तर म्हटलं असतं पुढच्या वर्षी येऊ. सिंगापूरला असं म्हणता येत नाही.

एवढं लिहिलं म्हणून सिंगापूर वाईट असं अजिबात नाही. तिथं काही गोष्टी बघून मला खरंच वाटलं की आपल्याकडं हे का होऊ नये. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या घेऊन गेलो आणि दिवसभर भरून घेतल्या, पाण्यावर एक डॉलर गेला नाही. स्वच्छतागृहं. व्हीलचेअरवरच्या एका आजोबांना सगळीकडं उतार होता, कुणाला उचलायला लागत नव्हतं. प्रत्येक राइडच्या बाहेर अजून किती मिनिटं लागतील ते लिहिलेलं, त्यामुळं मुलं चिडचिड करत नाहीत, ४० म्हणजे ४०. रांगेत कुणी मध्ये घुसत नाही, हे मी आपल्याकडच्या एका पार्कात फार सोसलंय, एक माणूस रांगेत उभा आणि ऐनवेळी मागनं त्याचे बाराजण येणार. वॉटरवर्ल्डचा जो स्टंटचा शो आहे तो बघताना मोठ्यानं माझा हात घट्ट धरलेला, असलं काम मी आधी कधी बघितलं नव्हतं. मेट्रोत कुणाचा धक्का नाही. सेंटोसाला, म्हणजे युनिव्हर्सल आहे त्या बेटावर, मोनोरेलनं गेलं तर चार डॉलर, पुलावरनं चालत गेलं तर फुकट, आम्ही चालत गेलो आणि ती सकाळ सगळ्यात छान गेली.

खाण्याचं म्हणाल तर लिटिल इंडियात कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं, तिथं दोनदा जेवलो, डोसा बघून धाकटीनं टाळ्या वाजवल्या. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याचे छोटे गाळे एकत्र असतात तिथं, स्वस्त मिळतं. पण काय होतं, प्रत्येक गोष्टीला डोक्यात ६६ नं, म्हणजे तेव्हाच्या सिंगापूर डॉलरच्या भावानं, गुणाकार चालू असतो. आइस्क्रीम सहा डॉलर म्हणजे चारशे रुपये. मुलांनी मागितलं की आधी माझ्या तोंडाकडं बघायचं आणि मग मागायचं असं झालेलं, दुसऱ्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं आणि मला फार वाईट वाटलं. मुलांना सुट्टीला न्यायचं आणि त्यांना तिथं मागायला संकोच वाटावा, मग कशाला न्यायचं. तिसऱ्या दिवसापासनं मी गुणाकार बंद केला, फक्त रात्री वहीत लिहायचं. कार्डाचं पण सांगते, आपलं साधं क्रेडिट कार्ड तिकडं वापरलं तर साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप लागतो आणि त्या मार्कअपवर जीएसटी, त्यामुळं फॉरेक्स कार्ड किंवा मार्कअप नसलेलं कार्ड आधीच करून घ्या.

सासू-सासरे आले नाहीत. त्यांचे पासपोर्ट, विमान, सगळं धरलं तर अजून सव्वा लाख लागले असते, भिशीत ते बसत नव्हतं. त्यांनी स्वतःच नको म्हटलं, आम्हाला काय तिकडचं कळतंय, तुम्ही जावा. रोज रात्री व्हिडिओ कॉल. तिकडं आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, त्यामुळं आमची झोपायची वेळ आणि त्यांचा देवासमोर दिवा लावायचा वेळ. आईंनी एकदा विचारलं, "तिथं पण आम्हाला बसवण्यासारखं काय असतंय काय गं?" मी होय म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ मला झोप लागली नाही.

म्हणून मैत्रिणीला माझं स्पष्ट सांगणं असं आहे. पार्क बघायला म्हणून परदेशात जाऊ नकोस. देश बघायला जायचं असेल, तिथलं शहर, तिथली माणसं, मेट्रो, बागा, तर जरूर जा आणि त्यातला एक दिवस पार्कला दे, पण मुलं मोठी झाल्यावर. घरातल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं रेघा मार, १०७ ची एक आणि १२५ ची एक. धाकटी वरच्या रेघेला पोचेपर्यंत ते पैसे साठू देत. तोपर्यंत आपल्या इथली पार्क आहेत, आणि तिथं एका सिंगापूरच्या पैशात नऊ वेळा जाता येतं, म्हातारी माणसं आणि नणंदेची पोरं घेऊन.

आणि हप्त्यावर तर अजिबात नाही. घराचा हप्ता असतो, गाडीचा असतो, ती वस्तू घरात राहते. फिरून आल्यावर दीड वर्ष दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे कापले जाताना त्या फोटोंकडं बघवणार नाही. शिवाय पंच्याऐंशी हजार चौघांचे म्हणजे ३ लाख ४० हजार, त्यावर टीसीएस, म्हणजे एजंट पॅकेजबरोबरच घेऊन सरकारकडं भरतो तो आगाऊ टॅक्स; २०२५ मध्ये तो ५ टक्के होता, त्या हिशोबानं १७,००० आधी भरायचे. हे पैसे बुडत नाहीत, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरताना वळते होतात, पण एजंट हे नीट सांगत नाहीत आणि बऱ्याच घरांत रिटर्न भरलंच जात नाही, मग ते तिथंच अडकून राहतात. त्याला विचार, यात टीसीएस धरलाय का, मुंबईपर्यंतचा प्रवास धरलाय का, दुपारचं जेवण धरलंय का. तीन प्रश्नांत खरा आकडा बाहेर येतो.

मला माहितीय की मुलांना शाळेत विचारतात, तू सुट्टीत कुठं गेलास. आमच्या मोठ्याला पण विचारायचे, दुबई, थायलंड गेलेली मुलं आहेत त्याच्या वर्गात, आणि आई-बाप तिथनंच दबायला लागतात. आता तर अबुधाबीला डिस्नेलँड होणार असं मे २०२५ मध्ये जाहीर झालंय, म्हणजे अजून काही वर्षांनी तो विषय निघणारच. तिथं फेरारी वर्ल्ड आहेच, २४० किलोमीटरच्या वेगानं जाणारी रोलर कोस्टर. पण मी मोठ्याला एकदा शांतपणे विचारलं होतं, तुला दोन्हीतलं काय जास्त आठवतं. तो म्हणाला वॉटरवर्ल्डचा शो, आणि मग म्हणाला, इमॅजिकाला आजोबा हसले होते ते. त्यानं दोन्ही सांगितलं, आणि मी पण दोन्ही लिहून ठेवलंय.

येत्या डिसेंबरला बेंगळुरूचं वंडरला ठरवतोय. म्हैसूर रोडवर बिडदीला आहे, २००५ पासूनचं, एकाच तिकिटात जमिनीवरच्या आणि पाण्याच्या दोन्ही राइड, इमॅजिकाला वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं. तिथं मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर, ८५ सेंटिमीटरच्या आत फुकट आणि १४० पर्यंत मुलांचा दर. परवा दोघांची उंची मोजली. धाकटी १०७ च्या रेघेला बरोबर टेकलीय. मोठा १३९, आणि जोरात वाढतोय, डिसेंबरपर्यंत त्याचं मोठ्याचं तिकीट काढावं लागणार हे धरूनच मी हिशोब मांडलाय. पाण्यात जायला नायलॉनचे कपडे लागतात, सुती चालत नाहीत, ते कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापड बाजारातनं आणायचेत. दोन रात्री, बरोबर म्हैसूर पण, सात जण, माझा अंदाज पंचावन्न हजारांच्या आत.

फास्टॅगचा तो वार्षिक पास घेतलाय आम्ही, १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेला, तेव्हा ३,००० रुपयांत वर्षभरात २०० टोल. राष्ट्रीय महामार्गावरच चालतो, पुणे-मुंबई एक्सप्रेसवेला चालत नाही, पण आपला कोगनोळीपासनं बेंगळुरूकडं जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्गच आहे, त्यामुळं त्याचा उपयोग होईल. तरी मी म्हणतेय की सहाशे किलोमीटर गाडी नको, मिरजेतनं राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं झोपून जाऊ, म्हाताऱ्या माणसांच्या कमरेला बरं. मामंजींना ते पटलेलं नाही. ते म्हणतात रस्ता चांगला आहे, मी पुढं बसतो, रस्ता सांगतो. अजून ठरायचंय.